मायकेल ओलिअरी, व्हिक्टोरिया क्रॉस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धातील शौर्यपदकांचा विषय निघाला की आयरिश गार्ड्सच्या मायकेल ओलिअरी यांच्याबद्दल वाचक हमखास काही ना काही विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्या मुद्द्याचे उत्तर आधीच येऊन गेले आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मायकेल ओलिअरी नेमके कोण होते?

ते आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील एका शेतकऱ्याचे पुत्र आणि ब्रिटिश सैन्यातील आयरिश गार्ड्स या पलटणीचे सैनिक होते. १ फेब्रुवारी १९१५ रोजी फ्रान्समधील क्विंशी या गावाजवळ त्यांनी जर्मनांचे दोन मोर्चे (आडोसा करून उभारलेली संरक्षणाची ठाणी) जवळजवळ एकहाती जिंकले आणि त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आयरिश गार्ड्सला मिळालेला हा पहिलाच व्हिक्टोरिया क्रॉस होता. एका मोठ्या विमान कंपनीचे आयरिश प्रमुख याच नावाचे आहेत, त्यामुळे नाव शोधताना दोघांची माहिती एकमेकांत मिसळते. या दोघांचा परस्परांशी संबंध जोडण्यास काहीही आधार नाही.

२. त्यांचा जन्म कुठे झाला आणि घरची परिस्थिती कशी होती?

कॉर्क परगण्याच्या पश्चिमेला, मॅक्रूम या बाजारगावापासून काही मैलांवर इंचिगीला नावाचे खेडे आहे. तेथील किलबॅरी या वाडीत ओलिअरी कुटुंबाची शेती होती. हा सगळा मुलूखच पूर्वापार ओलिअरी कुळाचा मानला जातो, म्हणून त्या परिसरात या आडनावाची माणसे पावलोपावली भेटतात आणि जुन्या नोंदींमधून नेमका माणूस शोधणे अवघड होते. बहुतेक ठिकाणी जन्मतारीख २९ सप्टेंबर १८९० अशी दिली जाते. काही लेखांत वर्ष १८८८ असे आढळते. वडील डॅनियल ओलिअरी हे कट्टर आयरिश राष्ट्रवादी होते, शिवाय फुटबॉल आणि वजन उचलण्याच्या स्पर्धांत नाव कमावलेले अंगापिंडाने दणकट गृहस्थ होते. हे वडील पुढे या कथेत स्वतःचा वाटा उचलतात (प्रश्न ८ पाहा).

३. ते थेट १९१४ साली युद्धासाठी भरती झाले का?

नाही. युद्ध सुरू होण्यापूर्वीच त्यांनी तीन गणवेश अंगावर चढवले होते. वयाच्या सोळाव्या वर्षी ते ब्रिटिश नौदलात गेले, परंतु गुडघ्यांच्या संधिवातामुळे त्यांना तेथून मुक्त करण्यात आले. काही काळ घरची शेती केल्यावर १९१० मध्ये ते आयरिश गार्ड्समध्ये भरती झाले आणि तीन वर्षांची सेवा पूर्ण करून १९१३ मध्ये राखीव दलात गेले. त्याच वर्षी त्यांनी कॅनडा गाठला आणि सस्कॅचवान प्रांतातील रेजायना येथे घोडदळ पोलिसांत नोकरी धरली. तेथे दोन बंदूकधारी गुन्हेगारांना बराच वेळ चाललेल्या गोळीबारानंतर त्यांनी पकडले आणि या कामगिरीबद्दल त्यांना सोन्याची अंगठी बक्षीस मिळाली.

क्विंशीच्या दिवसाचा विचार करताना हा तपशील विसरू नये. युद्धाच्या प्रचारात त्यांचे चित्र नांगर टाकून धावत आलेल्या भोळ्या खेडुतासारखे रंगवले गेले. प्रत्यक्षात ते कवायती फौजेत तयार झालेले आणि गोळ्या झाडणाऱ्या माणसावर चालून जाण्याचा अनुभव पदरी असलेले सैनिक होते. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच राखीव दलातील सैनिक म्हणून त्यांनी पोलिसांतून मुक्तता मिळवली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ते फ्रान्समध्ये आपल्या पलटणीत दाखल झाले.

४. १ फेब्रुवारी १९१५ रोजी प्रत्यक्षात काय घडले?

ला बासे कालव्याच्या दक्षिणेला क्विंशी हे गाव आहे. तेथे एक वीटभट्टी होती आणि भाजून रचून ठेवलेल्या विटांचे सुमारे सोळा फूट उंचीचे चौकोनी ढीग मैदानभर उभे होते. काही ढीग ब्रिटिशांच्या हातात होते, तर काही जर्मनांच्या. शेजारून कालवा आणि रेल्वेचा बांध जात होता. या भागात सलग, सरळ आघाडी नव्हती. एका ढिगाआडून दुसऱ्या ढिगावर गोळीबार चाले आणि दोन्ही बाजू खंदकांत आणि बांधालगत आडमोर्चे घालून बसलेल्या होत्या.

जानेवारीच्या अखेरीपासून जर्मनांनी येथे जोर धरला होता. १ फेब्रुवारीच्या पहाटे अडीचच्या सुमारास त्यांनी कोल्डस्ट्रीम गार्ड्स या दुसऱ्या ब्रिटिश पलटणीची एक चौकी घेतली. ती परत मिळवण्यासाठी अंधारातच केलेला प्रतिहल्ला फसला आणि त्यात कोल्डस्ट्रीमच्या जोडीने आयरिश गार्ड्सचेही अधिकारी आणि जवान पडले. मग ब्रिगेडचे प्रमुख लॉर्ड कॅव्हन यांनी दिवसाउजेडी दुसरा हल्ला करण्याचे ठरवले. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी तोफखान्याने त्या जागेवर दहा मिनिटे तुफान मारा केला आणि सव्वादहाला कोल्डस्ट्रीमचे सुमारे पन्नास जवान संगिनी रोखून निघाले. त्यांच्या पाठोपाठ आयरिश गार्ड्सचे तीस जवान आणि वाळूची पोती व तारा घेतलेली इंजिनियरांची तुकडी होती.

लान्स कॉर्पोरल ओलिअरी या हल्ल्यात होते. राजपत्रातील नोंद सांगते की ते सर्वांच्या पुढे धावत गेले, पहिल्या मोर्चावरील पाच जर्मनांना त्यांनी स्वतः ठार केले, तेथून सुमारे साठ यार्ड, म्हणजे पंचावन्न मीटर पुढे असलेल्या दुसऱ्या मोर्चावर ते चालून गेले, तेथे तिघांना ठार करून आणि दोघांना कैद करून त्यांनी तो मोर्चा घेतला. मागून येणाऱ्या जवानांवर या मोर्चांवरून होऊ शकणारा गोळीबार त्यामुळे टळला, हे राजपत्राने स्वतंत्रपणे नमूद केले आहे. माझ्या मते या नोंदीतील सर्वांत मोलाचे वाक्य हेच आहे, कारण किती शत्रू मारले यापेक्षा आपली किती माणसे वाचली, या हिशेबाने त्या धावण्याला अर्थ येतो.

त्यांच्या हातात ली-एनफिल्ड रायफल होती. महाराष्ट्रात ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून पोलिसांच्या खांद्यावर अनेक पिढ्यांनी पाहिलेल्या रायफलीच्याच घराण्यातली. तिच्यात एका वेळी दहा गोळ्या बसतात आणि प्रत्येक गोळीनंतर हाताने खिटी मागेपुढे ओढावी लागते. धावता धावता ही खिटी चालवत, ठरावीक गोळ्यांत एवढे काम करणे नेमबाजीच्या जुन्या सरावाशिवाय शक्य नव्हते.

५. “एका आयरिश माणसाने दहा जर्मनांना हरवले” हे खरे आहे का?

हे वाक्य १९१५ सालच्या भरतीच्या भित्तिपत्रकावरचे आहे. त्यावर ओलिअरी यांचे चित्र होते आणि आपल्या देशबांधवाच्या शौर्याचे अनुकरण करण्याची इच्छा तुम्हांला होत नाही का, असा सवाल खाली छापला होता. आकडा मात्र हवेतून आलेला नाही: पहिल्या मोर्चावरचे पाच, दुसऱ्यावरचे तीन आणि कैद केलेले दोन मिळून दहा होतात.

हिशेब बरोबर असला तरी चित्र अपुरे आहे. राजपत्रानेही त्यांनी ती जागा “जवळजवळ” एकट्याने जिंकली असेच शब्द वापरले आहेत. प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे हल्ल्यात ऐंशीच्या आसपास पायदळ जवान होते, दहा मिनिटांच्या तोफमाऱ्याने जर्मन आधीच हादरलेले होते, आणि सेनापती सर जॉन फ्रेंच यांच्या अहवालानुसार कोल्डस्ट्रीम गार्ड्सनी त्याच वेळी आणखी एक खंदक व दोन मशिनगन ताब्यात घेतल्या. भित्तिपत्रकाला एक चेहरा हवा होता, म्हणून बाकीचे सगळे चौकटीबाहेर गेले. हे लक्षात घेतल्याने ओलिअरी यांचे शौर्य उणे होत नाही. उलट तोफमाऱ्यानंतर सावरू पाहणाऱ्या शत्रूला ती संधी मिळण्याआधीच गाठण्याचे त्यांचे समयसूचक शहाणपण अधिक ठळकपणे दिसते.

६. व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे काय आणि त्यांना त्यासोबत आणखी काय मिळाले?

शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी ब्रिटिश राजसत्तेकडून दिले जाणारे हे सर्वोच्च पदक असून क्रिमियाच्या युद्धाच्या अखेरीस १८५६ मध्ये राणी व्हिक्टोरिया हिने ते सुरू केले. पदक काशाचे असते आणि हुद्द्याचा भेद त्यात मानला जात नाही. त्या काळी अधिकारी नसलेल्या जवानाला पदकासोबत वर्षाला दहा पौंडांचे निवृत्तिवेतन मिळत असे.

ओलिअरी यांना कामगिरीनंतर काही दिवसांतच रणभूमीवरच सार्जंट करण्यात आले. लान्स कॉर्पोरल हा हुद्दा आपल्या सैन्यातील लान्स नायकाच्या बरोबरीचा असल्यामुळे ही बढती चांगलीच मोठी होती. पदकाची घोषणा १८ फेब्रुवारीच्या राजपत्रात झाली आणि २२ जून १९१५ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात राजा पाचवा जॉर्ज याच्या हस्ते ते प्रदान करण्यात आले. पुढे रशियानेही त्यांना सेंट जॉर्ज क्रॉस दिला.

७. व्हिक्टोरिया क्रॉस अनेकांना मिळाला. मग ओलिअरी यांचाच एवढा बोलबाला का झाला?

सरकारला आयर्लंडमधून सैनिक हवे होते आणि त्यासाठी आयरिश, कॅथलिक, गावाकडचा, तरुण आणि जिवंत असा वीर हवा होता. मरणोत्तर पदक मिळालेला वीर सभेत उभा करता येत नाही. ओलिअरी या सगळ्या अटींत बसत होते.

१९१५च्या उन्हाळ्यात लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांच्या सत्कारासाठी सुमारे साठ हजारांचा जमाव लोटल्याची वर्णने आहेत. मॅक्रूमला गावकऱ्यांनी त्यांचे वाजतगाजत स्वागत केले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी तर असा अभिप्राय दिला की कोणताही कादंबरीकार आपल्या पात्राच्या नावावर असा पराक्रम घालण्याचे धाडस करणार नाही. वर्तमानपत्रे, गाणी, छायाचित्रांची कार्डे यांचा नुसता पूर आला. स्वतः ओलिअरी या काळात व्यासपीठांवर फारसे रमल्याचे दिसत नाही. परंतु त्यांचे रमणे न रमणे कोणी विचारात घेतले नव्हते.

८. त्यांच्या वडिलांच्या भाषणाचा किस्सा खरा आहे का?

दोन किस्से प्रसिद्ध आहेत आणि दोन्ही त्या काळापासून छापले जात आहेत. पहिल्यात मुलाचा पराक्रम कानी घातल्यावर डॅनियल ओलिअरी म्हणतात की मॅक्रूमच्या जत्रेहून परतताना आपण नुसत्या काठीने वीस-वीस जणांना लोळवले आहे, तेव्हा बंदूक आणि संगीन हाती असून पोराने आठच मारले हे काही विशेष नाही.

दुसरा किस्सा भरतीच्या सभेचा आहे. मुलाच्या प्रसिद्धीमुळे वडिलांनाही इंचिगीलात भाषणाला उभे केले गेले, आणि त्यांनी गावकऱ्यांना सांगितले की ब्रिटिश सैन्यात जा, नाहीतर जर्मन येथे येतील आणि इंग्रजांनी गेली सातशे वर्षे आपले जे केले तेच ते करतील. त्यानंतर त्यांना पुन्हा भाषणासाठी बोलावणे आले नाही, असे सांगतात.

हे शब्द जसेच्या तसे उच्चारले गेले की पत्रकारांनी त्यांना थोडी फोडणी दिली, याची शहानिशा आता कोणी करू शकत नाही. मात्र मुलगा राजाकडून पदक घेत असताना बापाने इंग्रजांच्या सातशे वर्षांचा उल्लेख करावा, ही विसंगती त्या घरात आणि त्या परगण्यात खरोखरच नांदत होती, म्हणूनच हा किस्सा शंभर वर्षे टिकला. त्याची पार्श्वभूमी प्रश्न १० मध्ये आहे.

९. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी त्यांच्यावर नाटक लिहिले होते का?

शॉ यांनी १९१५ मध्ये ‘ओफ्लाहर्टी व्ही. सी.’ ही एकांकिका लिहिली आणि तिची कल्पना ओलिअरी यांच्या गाजावाजावरून सुचली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र ते ओलिअरी यांचे चरित्र नाही. नाटकातील सैनिक पदक घेऊन भरतीच्या मोहिमेवर गावी येतो. आपला मुलगा इंग्रजांच्या विरोधात लढतो आहे अशी त्याच्या आईची समजूत असते आणि खरे कळल्यावर ती जो धुमाकूळ घालते त्यापुढे त्याला खंदक बरा वाटू लागतो. प्रश्न ८ मधील वडिलांचा स्वभाव पाहता शॉ यांनी नाडी अचूक पकडली होती. डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये नोव्हेंबर १९१५ मध्ये होणारा प्रयोग अधिकाऱ्यांच्या नाराजीमुळे बारगळला, आणि पहिला प्रयोग १९१७ मध्ये, तोही पश्चिम आघाडीवर, हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनीच केला.

१०. आयर्लंड ब्रिटिशांच्या अमलाखाली असताना आयरिश लोक त्यांच्याच सैन्यात का गेले?

भारतीय वाचकांकडून हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि आपल्याला त्याचे उत्तर समजायला फार कष्ट पडू नयेत, कारण त्याच वर्षांत आपल्याकडेही हाच पेच होता.

१९१४ मध्ये आयर्लंडला अंतर्गत स्वराज्य, म्हणजे होमरूल देणारा कायदा लंडनच्या संसदेत मंजूर झाला, पण युद्ध संपेपर्यंत त्याची अंमलबजावणी स्थगित ठेवली गेली. आयरिश संसदीय पक्षाचे नेते जॉन रेडमंड यांनी २० सप्टेंबर १९१४ रोजी वुडनब्रिज येथे आयरिश व्हॉलंटियर्स या संघटनेच्या स्वयंसेवकांना आवाहन केले की त्यांनी जेथे जेथे आघाडी असेल तेथे जाऊन लढावे. आपण साम्राज्याच्या अडचणीच्या वेळी उभे राहिलो तर स्वराज्याचे वचन पाळले जाईल, हा त्यामागचा हिशेब होता. बहुसंख्य स्वयंसेवक रेडमंड यांच्यामागे गेले. थोडे फुटून निघाले आणि त्यांच्यातूनच पुढचा उठाव उभा राहिला. लोकमान्य टिळकांनी युद्धकाळात घेतलेली भूमिका ज्यांनी वाचली आहे, त्यांना रेडमंड यांचे गणित अनोळखी वाटणार नाही. टिळकांनी आपल्या संघटनेला होमरूल लीग हे नाव दिले ते आयरिश उदाहरण समोर ठेवूनच.

राजकारणाखेरीज पोटाचाही प्रश्न होता. शेतीचा तुकडा लहान, भावंडे अनेक आणि गावात उद्योग नाही, अशा घरांतील मुलांसाठी फौज, पोलीस किंवा अमेरिकेची बोट हे तीनच रस्ते होते. ओलिअरी १९१० मध्ये पलटणीत गेले तेव्हा युद्धही नव्हते आणि रेडमंड यांचे आवाहनही नव्हते. युद्धकाळात आयर्लंडमधून एकूण दोन लाखांहून अधिक लोक ब्रिटिश सैन्यात होते, आणि तेथे सक्तीची भरती कधीच लागू होऊ शकली नाही.

हवा बदलली ती १९१६च्या एप्रिलमध्ये. २४ एप्रिलला डब्लिनमध्ये उठाव झाला, तो आठवडाभरात मोडला गेला, आणि मे महिन्यात पंधरा जणांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्याच एप्रिलच्या अखेरीस इकडे बेळगावला टिळकांची होमरूल लीग स्थापन होत होती. या मृत्युदंडांनंतर ज्या भिंतींवर ओलिअरी यांची भित्तिपत्रके होती, त्याच भिंतींकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले.

११. पदकानंतर त्यांनी पुन्हा प्रत्यक्ष युद्ध केले का?

होय. ऑक्टोबर १९१५ मध्ये त्यांना कमिशन मिळाले आणि ते कॅनॉट रेंजर्स या पलटणीत सेकंड लेफ्टनंट झाले. पलटणीच्या पाचव्या बटालियनबरोबर ते सालोनिका आघाडीवर, म्हणजे ग्रीस व मॅसेडोनियाच्या सीमाभागात बल्गेरियाविरुद्ध लढले. तेथे गोळ्यांइतकेच हिवतापाने सैन्य पोखरले होते, आणि तो हिवताप ओलिअरी यांना पुढे अनेक वर्षे सतावत राहिला.

१२. कॅनडात त्यांच्यावर खटला झाला होता हे खरे का?

खरे आहे, पण त्यातून ते निर्दोष सुटले हा अर्धा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. १९२१ मध्ये ते पुन्हा कॅनडाला गेले. आधी ऑन्टारिओच्या प्रांतिक पोलिसांत आणि नंतर सीमेवरच्या ब्रिजबर्ग येथे रेल्वे पोलिसांत त्यांनी नोकरी केली. हा दारूबंदीचा काळ होता आणि नायगारा नदीपलीकडे अमेरिका होती, त्यामुळे दारू, माल आणि माणसे यांची चोरटी ने-आण जोरात चाले. १९२५ मध्ये परदेशी लोकांना चोरून अमेरिकेत पोहोचवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, पण नोकरी गेली. कुटुंब मोठे आणि हिवतापाने खंगलेली प्रकृती, अशा अवस्थेत त्यांना काही काळ इतरांच्या मदतीवर काढावा लागला.

व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या माणसाचे हे दिवस पाहून अनेकांना धक्का बसतो. वर्षाला दहा पौंडांचे निवृत्तिवेतन (प्रश्न ६) आठवले की धक्क्याचे कारण उरत नाही.

१३. त्यांचे उत्तरायुष्य कसे गेले आणि मृत्यू कधी झाला?

माजी सैनिकांच्या ब्रिटिश लीजन या संघटनेच्या मदतीने ते लंडनला परतले आणि मेफेअर हॉटेलात दरवाजावरचे गणवेशधारी कर्मचारी म्हणून काम करू लागले. दुसरे महायुद्ध सुरू होताच ते मिडलसेक्स रेजिमेंटमध्ये कॅप्टन म्हणून पुन्हा रुजू झाले. प्रकृतीने साथ न दिल्याने त्यांना आघाडीवरून परत यावे लागले आणि नंतर इंग्लंडमध्येच युद्धकैद्यांच्या एका छावणीची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी दोन जर्मनांना कैद केल्याची बातमी जगभर गाजली, त्यांनाच आता छावणीभर कैद्यांच्या शिध्याचा आणि हजेरीचा हिशेब ठेवायचा होता. युद्धानंतर त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली आणि १९५४ मध्ये निवृत्ती पत्करली.

पत्नी ग्रेटा आणि त्यांना सात अपत्ये झाली. दोन मुलांनी दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळवले. ओलिअरी यांचे निधन २ ऑगस्ट १९६१ रोजी लंडनमध्ये झाले आणि मिल हिल येथील दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. पदक आयरिश गार्ड्सकडे आहे.

१४. स्वतंत्र आयर्लंडने त्यांना विसरून टाकले का?

मुद्दाम पुसून टाकले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण ज्या परगण्यात त्यांची मिरवणूक निघाली तेथेच पाच वर्षांत त्यांचे नाव घेणे अवघडल्यासारखे झाले, हे खरे आहे. आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात २८ नोव्हेंबर १९२० रोजी किलमायकेल येथे आयरिश बंडखोरांनी ब्रिटिशांच्या ऑक्झिलरी, म्हणजे सहायक पोलिसांच्या तुकडीवर छापा घालून ती कापून काढली. ही तुकडी मॅक्रूमच्या किल्ल्यात तळ ठोकून होती आणि छाप्याची जागा इंचिगीलापासून जवळच आहे. छाप्याचे नेतृत्व करणारे टॉम बॅरी स्वतः ब्रिटिश तोफखान्यात होते आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांनी वेढलेल्या कुत या गावाची कोंडी फोडण्यासाठी निघालेल्या सैन्याबरोबर लढले होते. त्या कुतमध्ये वेढा सोसणाऱ्यांत पूना डिव्हिजनच्या मराठा पलटणी होत्या. एकाच परिसरातील दोन सैनिक, एकाच सैन्याने घडवलेले. परंतु त्या भागातील लोकगीतांत बॅरी आले, ओलिअरी आले नाहीत.

लिखित स्मरण मात्र पलटणीने राखले. आयरिश गार्ड्सचा युद्धेतिहास मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांनी लिहिला; त्यांचा मुलगा जॉन याच पलटणीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होता आणि सप्टेंबर १९१५ मध्ये फ्रान्समधील लूस येथील लढाईत पडला.

१५. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून नंतर ब्रिटिशांविरुद्ध लढलेला आयरिश सैनिक म्हणजे ओलिअरीच ना?

नाही, ते मार्टिन डॉयल. वेक्सफर्ड परगण्यातील न्यू रॉस भागातले डॉयल रॉयल मन्स्टर फ्युझिलिअर्समध्ये कंपनी सार्जंट मेजर होते. २ सप्टेंबर १९१८ रोजी फ्रान्समधील रियांकूरजवळच्या लढाईसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; त्याआधी त्यांच्या नावावर मिलिटरी मेडलही होते. १९१९ मध्ये फौज सोडल्यावर पुढच्याच वर्षी ते आयरिश रिपब्लिकन आर्मीला जाऊन मिळाले आणि क्लेअर परगण्यात गुप्त वार्ता पुरवण्याचे काम त्यांनी केले. स्वातंत्र्यानंतर ते आयर्लंडच्या राष्ट्रीय सैन्यात होते आणि १९४० मध्ये वारल्यावर डब्लिनच्या ग्रेंजगॉर्मन लष्करी दफनभूमीत त्यांचे दफन झाले. डॉयल यांची कथा ओलिअरी यांच्या नावावर खपवणारे मजकूर अधूनमधून फिरत असतात, म्हणून हा खुलासा.

१६. त्या आघाडीवर भारतीय सैनिक होते का, आणि मराठी सैनिकांना असे पदक मिळाले आहे का?

होते. १९११ मध्ये भारतीय जवानांना व्हिक्टोरिया क्रॉससाठी पात्र ठरवण्यात आले आणि क्विंशीपासून अगदी थोड्या अंतरावरच्या फेस्टुबेर येथे गढवाली नायक दरवान सिंह नेगी यांनी नोव्हेंबर १९१४ मध्ये तो मिळवला.

मराठा पलटणीतील दोन व्हिक्टोरिया क्रॉस दुसऱ्या महायुद्धातले आणि दोन्ही इटलीतले आहेत. ओलिअरी यांच्या कामगिरीशी थेट तुलना करता येईल अशी कामगिरी नायक यशवंत घाडगे यांची आहे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधील बाकी सगळे ठार किंवा जखमी झाल्यावर रायगड जिल्ह्यातील माणगावकडचे हे तरुण नायक एकटे मशिनगनवर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशिनगन आणि ती चालवणारा उडवला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याच्या घावांनी संपवले. लगेचच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. पदक मरणोत्तर मिळाले. दुसरे पदक शिपाई नामदेव जाधव यांचे, ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठच्या लढाईतले. दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या जमिनीतून सुखरूप आणून मग त्यांनी मशिनगनचे मोर्चे मोडले, आणि ते जिवंत राहिले.

१७. कॅनॉट रेंजर्सने १९२० मध्ये भारतात बंड केले होते. ओलिअरी त्याच पलटणीचे अधिकारी होते. मग ते त्या बंडात होते का?

नाही. जून १९२० मध्ये जालंधर आणि सोलन येथे जे बंड झाले ते पलटणीच्या पहिल्या बटालियनमधील जवानांनी, आयर्लंडमध्ये ब्रिटिश फौजा करीत असलेल्या अत्याचारांच्या निषेधार्थ केले. ओलिअरी यांची युद्धकाळातील बटालियन पाचवी होती आणि बंडाच्या वेळी ते भारतात नव्हते. बंडातील जेम्स डेली या जवानाला २ नोव्हेंबर १९२० रोजी सोलनजवळच्या डगशाई येथे गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला. १९२२ मध्ये दक्षिण आयर्लंडमधून भरती होणाऱ्या इतर पलटणींबरोबर कॅनॉट रेंजर्सही विसर्जित झाली. आयरिश गार्ड्स मात्र त्या यादीत नव्हती आणि आजही ती ब्रिटिश सैन्यात आहे.